परमुलखातील भुतांची रात्र
१८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंड सोडून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांनी मृतात्म्यांची मानलेली हॅलोवीनची रात्र सोबत नेली. मायदेशी सलगम कोरून दिवे करीत. नव्या भूमीत भोपळा आला. ती भीती पुढे रॉक संगीतातही उतरली. १९५६ मध्ये ‘आय पुट अ स्पेल ऑन यू’ ध्वनिमुद्रित करणारे कृष्णवर्णीय गायक स्क्रीमिन जे हॉकिन्स रंगमंचावर शवपेटीतून उठून गाऊ लागले. न्यू जर्सीत १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मिसफिट्स’ने कवटीचे चिन्ह घेतले आणि १९८१ मध्ये ‘हॅलोवीन’ हे गीतच काढले. आता त्या सुमारास श्रोतेही सोंगे घेऊन अशा मैफलींना जातात. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात सणवार जपणाऱ्या आम्हांला यात एक गोष्ट जाणवते : सण टिकला, तो नव्या हातांनी त्याचे रूप पालटले म्हणून. नातवंडांच्या हाती आपले सण सोपविताना आम्ही हे ध्यानी ठेवलेले बरे.