दप्तर राखणारी माणसे

होसूर-सर्जापूर रस्त्याच्या आद्याक्षरांवरून ज्या वसाहतीस एच. एस. आर. लेआउट हे नाव पडले, त्या बंगळूरच्या भागात नोकरीनिमित्त माझे बिऱ्हाड आहे. संध्याकाळी अगराच्या तळ्याकाठी फिरावयास गेलो असता, या भूमीशी मराठी माणसाचा काही पूर्वसंबंध असेल असे सहसा मनात येत नाही. तथापि १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त केले आहे. अनेक भाषांचे कवी त्या दरबारात आपापली रचना म्हणून दाखवीत असत. हे चित्र आज आपणांस दिसते, याचे कारण १९२२ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ते काव्य दीर्घ प्रस्तावनेसह छापून काढले.

राजवाड्यांचे नाव कोणास ठाऊक नाही? परंतु सापडलेला कागद पुढे राखतो कोण, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मी पेशाने कारकून असल्यामुळे असेल, पण मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना पुण्यास ७ जुलै १९१० रोजी झाली. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे तिचे संस्थापक. तत्पूर्वी १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता. पुढे तिचे २२ खंड झाले. तरुणपणी पत्नी वारल्यावर त्यांनी दुसरे लग्न केले नाही. गावोगाव हिंडून, हाताने रांधून खाऊन, माळ्यावरची व तळघरांतली दप्तरे त्यांनी धुंडाळली. असा पुरुष संस्था काढू शकतो, पण तीत नांदू शकतोच असे नाही. मंडळाशी त्यांचे मतभेद झाले. अखेरच्या दिवसांत ते धुळ्यास गेले आणि तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले. १९२७ साली तेथे त्यांच्या नावाने निराळे संशोधन मंडळ उभे राहिले.

संस्थापक निघून गेल्यावर पुष्कळ संस्थांचे दिवे मालवतात. पुण्याचा दिवा तेवत राहिला तो दत्तो वामन पोतदारांसारख्या माणसांमुळे. पोतदार अविवाहित होते; मंडळाचे चिटणीसपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. १९४६ साली ते महामहोपाध्याय झाले आणि १९६१ ते १९६४ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. इतकी मानाची पदे मिळूनही त्यांच्या हातून शिवचरित्राचा जो मोठा ग्रंथ व्हावयाचा होता तो झाला नाही. लोकांनी त्याबद्दल त्यांना बोल लावला. तो अगदीच अस्थानी होता असे मी म्हणत नाही. परंतु सभेची सूचना काढणे, वर्गणी गोळा करणे, रुसलेल्या विद्वानाची समजूत घालणे आणि कागद देण्यास कचरणाऱ्या इनामदारास राजी करणे, या कामांत माणसाचे किती ग्रंथ खर्ची पडतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

पोतदारांच्या मागे आणखी एक फळी होती. शंकर नारायण जोशी आणि गणेश हरी खरे यांनी ‘शिवचरित्र साहित्या’चे खंड संपादिले. खरे यांनी तर मंडळात हयात घालविली. त्यांनी फारसी आत्मसात केली व ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या नावाने फारसी कागद मराठी भाषांतरासह पुढे आणले. ताम्रपट, शिलालेख, नाणी, मूर्ती यांपैकी त्यांस काहीच परके नव्हते. नवशिक्यांसाठी ‘संशोधकाचा मित्र’ लिहिणारा हा मनुष्य १९८५ साली वारला. राजवाड्यांच्या कथा घरोघरी सांगतात. खरे यांची कथा सांगण्यासारखी नसते, कारण रोज त्याच जागी बसून तेच काम करण्यात कथा ती काय असणार?

तरी परिणाम पाहा. कारीच्या जेधे घराण्यातील एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. तीत शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा दिला आहे. एका टिपणावर कोण विश्वास ठेवणार? पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरात मिळालेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ साली प्रसिद्ध केले आणि तेथेही तीच तिथी निघाली. एक पुरावा मावळातला, दुसरा तामिळ देशातला. दोन्ही ठिकाणी कोणीतरी कागद फेकून दिला नव्हता, एवढ्यावरच हे सारे अवलंबून होते.

आता माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना मुदत संपलेल्या फायली रद्दीत काढण्याचा हुकूम झाला. यादी मीच केली. नियमाप्रमाणे केली, परंतु आतले कागद उलटून पाहिले नाहीत. तीन महिन्यांनी एका निवृत्त शिपायाचे पेन्शन अडले. त्याच्या सुरुवातीच्या नेमणुकीचा हुकूम त्याच गठ्ठ्यात गेला होता. तो रोज येऊन बाकावर बसे. मला एका शब्दानेही बोलला नाही. त्याचे काम अखेर दुसऱ्या एका कचेरीत सापडलेल्या नकलेवरून झाले. ती नक्कल कोणा अनोळखी कारकुनाने जपून ठेवली होती. त्या दिवसापासून खरे यांच्यासारख्यांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

परमुलखात राहणाऱ्या आपणां मराठी अधिकाऱ्यांच्या घराण्यांतही असे रुमाल असतील. ते वाचणारी मोडीची जाणकार माणसे विरळ होत चालली आहेत. बदलीच्या वेळी सामान हलके करावे लागते, आणि पहिला बळी जातो तो न वाचता येणाऱ्या कागदाचा. सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी काकांच्या पेटीत एक रुमाल आहे. त्यात सनद आहे की वाण्याची उधारी, हे मला ठाऊक नाही. काकांस पत्र लिहून कळविले आहे की, मी येईपर्यंत पेटीस कोणी हात लावू नये. दिवाळीची रजा मंजूर झाली म्हणजे त्याची यादी करावयाची आहे, आणि या वेळी प्रत्येक कागद उलटून पाहावयाचा आहे.