तल केंद्रके
प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) दोन्ही गोलार्धांत, श्वेत द्रव्याने वेढलेल्या करड्या द्रव्याच्या खोलवरच्या पुंजांना तल केंद्रके म्हणतात. त्यांना तल गुच्छिका असेही नाव आहे. परंतु गुच्छिका ही संज्ञा सामान्यतः मेंदू व मेरुरज्जू यांच्या बाहेरील कोशिकापुंजांना लावीत असल्याने केंद्रके हे नाव अधिक योग्य होय. पुच्छकेंद्रक व प्युटामेन (दोन्ही मिळून रेखित पिंड) आणि पांडुर गोल हे त्यांचे प्रमुख भाग होत. थॅलॅमसखालील केंद्रक व मध्यमस्तिष्कातील कृष्ण द्रव्य यांचाही कार्यदृष्ट्या त्यांत समावेश करतात.

या पुंजांचे आकार पुष्कळ आधी ज्ञात झाले. कार्य मात्र रोगांच्या अभ्यासातूनच उमगले. टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये रेखित पिंडाचे वर्णन करून हालचाल व संवेदना यांच्याशी त्याचा संबंध जोडला होता. १८७० मध्ये फ्रिट्श व हिट्झिग यांनी प्रमस्तिष्क बाह्यकास विद्युत् उद्दीपन देऊन कुत्र्याच्या अवयवांची हालचाल घडवून आणली, तेव्हा संशोधकांचे लक्ष बाह्यकाकडे वळले.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून कंपवाताचे वर्णन केले. शवविच्छेदनाचा पुरावा हाती नसल्याने त्यांनी विकाराचे स्थान मेरुरज्जूच्या वरच्या भागात असावे, असा तर्क केला. १८९३ मध्ये ब्लॉक व मारिनेस्को यांना अशीच लक्षणे असलेल्या एका क्षयरोग्याच्या कृष्ण द्रव्यात गाठ आढळली. १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी कंपवाताच्या रुग्णांत तेथील रंजकयुक्त कोशिका नष्ट झाल्याचे पॅरिस येथील आपल्या प्रबंधात दाखविले. तत्पूर्वी, १९१२ मध्ये, किनीअर विल्सन यांनी प्युटामेन व पांडुर गोल यांचा अपकर्ष आणि यकृतविकार एकत्र असलेल्या रोगाचे वर्णन करून, पक्षाघात नसतानाही कंप व ताठरता येऊ शकते, हे निदर्शनास आणले होते.

पुढील दुवा सर्पगंधा या भारतीय वनस्पतीने पुरविला. मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांचा, उच्च रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयीचा निबंध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. या औषधाने काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनाने निश्चल झालेले ससे डोपा देताच पुन्हा हालचाल करू लागतात, असे दाखविले. त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा काही भाग मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर व होर्निकीविच यांना कंपवाताने मृत झालेल्यांच्या रेखित पिंडात डोपामिनाची मोठी न्यूनता आढळली. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झिआस यांनी डोपा तोंडाने, मात्रा हळूहळू वाढवीत दिल्यावर अनेक जखडलेले रुग्ण हिंडूफिरू लागले.

पांडुर गोलाचा आतील भाग थॅलॅमसवर सतत निरोध ठेवतो. इष्ट हालचालीपुरता तो निरोध सैल करणे व इतर हालचाली दाबून ठेवणे, हे या केंद्रकांचे एक मुख्य कार्य मानले जाते. डोपामीन कमी पडल्यास निरोध वाढून हालचाली मंदावतात. थॅलॅमसखालील केंद्रकास इजा झाल्यास उलट विरुद्ध बाजूचे हातपाय अनिच्छेने फेकले जातात. लेव्होडोपाने डोपामिनाची उणीव काही अंशी भरून निघते. मात्र कृष्ण द्रव्यातील कोशिकांचा ऱ्हास त्याने थांबत नाही.