वेदना आणि लिंगभेद

वेदनेची जाणीव आणि वेदनेवर मिळणारे उपचार, या दोन्ही बाबतींत स्त्री-पुरुषांत आढळणारा फरक. पहिला शरीराशी निगडित आहे, दुसरा उपचार करणाऱ्यांच्या समजुतींशी; त्यामुळे दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

प्रयोगशाळेत उष्णता, दाब किंवा गार पाण्याच्या चाचण्यांत स्त्रियांची सहनमर्यादा सरासरीने कमी भरते. अर्धशिशी आणि फायब्रोमायल्जिया (अंगभर जुनाट दुखणे) हे विकारही त्यांच्यात अधिक आढळतात. संप्रेरकांचा त्यात वाटा असतो, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. वेदनासंशोधक जेफ्री मोगिल व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की नर उंदरांत जुनाट वेदना टिकवून धरण्याचे काम मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी करतात, तर माद्यांत ते बहुधा टी-पेशी या वेगळ्या रोगप्रतिकारक पेशींकडे असते. तोवर वेदनेवरचे बहुतेक प्राणिप्रयोग केवळ नरांवरच होत आले होते. औषधचाचण्यांची स्थितीही फार वेगळी नव्हती. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावे, ही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची १९७७ ची सूचना १९९३ पर्यंत कायम होती.

स्त्रियांना वेदना अधिक जाणवत असेल, तर वेदनाशामकेही त्यांना निदान तितकीच मिळायला हवीत. प्रत्यक्षात उलटे घडते. अमेरिकी अभ्यासक डायन हॉफमन आणि अनिता टार्झियन यांनी २००१ मध्ये नेमकी ही विसंगती मांडली. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात तीव्र पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखण्याला स्त्री-पुरुषांनी दिलेले गुण जवळपास सारखे होते. तरीही अफूजन्य वेदनाशामके ५६ टक्के पुरुषांना मिळाली आणि ४५ टक्के स्त्रियांना. औषध मिळेपर्यंत पुरुष ४९ मिनिटे थांबले, स्त्रिया ६५. इस्राएल व अमेरिकेतील नोंदींवरच्या २०२४ च्या अभ्यासातही स्त्रियांना वेदनाशामक लिहून देण्याचे प्रमाण कमी आढळले, आणि डॉक्टर स्त्री असो वा पुरुष, त्यात फरक पडला नाही. पूर्वग्रह फक्त पुरुष डॉक्टरांचा असतो, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

या पूर्वग्रहाची मोठी किंमत एंडोमेट्रिओसिसच्या रुग्ण मोजतात. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यावर वाढते आणि पाळीच्या दिवसांत असह्य कळा येतात. जगातील सुमारे १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे. सोनोग्राफीत तो नजरेतून सुटू शकतो, हे खरे; पण निदानाला अनेक वर्षे लागतात याचे तेवढेच कारण नाही. ‘पाळीत दुखायचंच’ हे उत्तर मुलीला आधी घरी मिळते, नंतर दवाखान्यातही. जे दुखणे शाळा बुडवते, उलट्या करवते, ते तपासण्याजोगे आहे असे कुणाला वाटतच नाही.

तांबी हे गर्भनिरोधक साधन बसवतानाही वेदनेकडे असेच दुर्लक्ष होताना दिसते. गर्भाशयाचे मुख चिमट्याने धरून, आत सळई घालून खोली मोजली जाते, आणि ही क्रिया बहुधा भूल न देताच उरकतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२४ मध्ये सूचना दिली, की होऊ शकणाऱ्या वेदनेची कल्पना प्रत्येकीला आधी द्यावी आणि वेदनाशमनाचा बेत तिच्याशी बोलून ठरवावा.