दहावीनंतर पुढे काय? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

आपल्या १९७५ च्या तुकडीला पन्नास वर्षे झाली, म्हणून स्मरणिकेसाठी आठवणी लिहा, असा समितीचा निरोप आला. आठवणी इतर मित्रमैत्रिणी माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी उभा जन्म इतिहास शिकवला. ही स्मरणिका शाळेतल्या यंदाच्या दहावीच्या मुलांच्या हातीही जाणार आहे असे कळले, तेव्हा वाटले, त्यांच्या घरी सध्या रोज निघणाऱ्या प्रश्नाचाच इतिहास लिहावा. ‘दहावीनंतर पुढे काय?’ सातारा जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या मुलांना या प्रश्नाने पिढ्यान्‌पिढ्या छळले आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. मॅट्रिक ही मुळात शाळा संपल्याची परीक्षा नव्हती, ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती. पण दार उघडले म्हणून आत जाता येतेच असे नाही. साताऱ्याकडच्या मुलाला पुण्याचे फर्ग्युसन (१८८५), कोल्हापूरचे राजाराम (१८८०) किंवा पुढे सांगलीचे विलिंग्डन (१९१९) गाठावे लागे. पुणे काय, कोल्हापूर काय, दोन्हीकडे शंभर किलोमीटरच्या वरचे अंतर. फीपेक्षा मोठा प्रश्न असे, राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? शहरात नातेवाईक असलेली मुले शिकली, बाकीच्यांची हुशारी गावातच राहिली.

हे दुखणे राजर्षी शाहू महाराजांनी नेमके ओळखले. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहांना बळ दिले. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुले, सर्वांची सोय पाहिली. तिथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू केले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले. तिथली ‘कमवा व शिका’ योजना म्हणजे फीच्या प्रश्नाला घामाने दिलेले उत्तर होते. साताऱ्यातच शाळेत नाव दाखल झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना सकाळी शिकता यावे याचा विचार केला. या तिघांच्या कामात मला एक समान धागा दिसतो. मुलगा काय शिकणार याच्या आधी तो तिथे टिकणार कसा, हे त्यांनी पाहिले.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजे जवळ आली. कराडला १९५४ मध्ये सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात कमी उत्पन्नाच्या पालकांसाठी ई.बी.सी.ची फीमाफी आली. आपल्या वर्गातले निम्मेअधिक जण त्या तीन अक्षरांवर शिकले, हे इथे लिहायला कोणाचीही हरकत नसावी.

मग आले १९७५. त्या वर्षी जुन्या अकरावीची एसएससी आणि नव्या दहावीची एसएससी अशा दोन तुकड्या एकदम बाहेर पडल्या. नवी दहावी म्हणजे आपण. जुन्या पद्धतीत बीजगणित-भूमिती टाळून अंकगणितावर निभावता येई. आपल्याला गणित आणि विज्ञान सक्तीचे झाले. तेव्हा आपण कुरकुरलो, पण त्या सक्तीमुळेच आपल्या वर्गातल्या काही मुलींसाठी विज्ञान शाखेची वाट उघडी राहिली. ज्युनियर कॉलेज हा शब्द घरात कोणाला माहीत नव्हता. अकरावी शाळेत भरणार की कॉलेजात, हेही गावोगाव वेगळे होते. सल्ला द्यायला वडीलधाऱ्यांकडे अनुभवच नव्हता. बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये झाली. आपल्या पुढे कोणी गेलेलेच नव्हते.

पुढच्या काळात लाटा आल्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मुले शिकायला परराज्यात जात होती, ती इथे शिकू लागली. पण त्याबरोबर ‘डोनेशन’ हा शब्दही घराघरात आला, आणि १९८७ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. मग डी.एड.ची लाट आली. ‘दोन वर्षांत नोकरी’ म्हणून लोकांनी जमिनी विकून मुलांना धाडले. शिक्षकभरती थांबली आणि कित्येक अध्यापक विद्यालयांना कुलूप लागले. पाठोपाठ अभियांत्रिकीच्या जागाही रिकाम्या राहू लागल्या. वर्गशिक्षक म्हणून मी या लाटांत शिरणारी आणि बाहेर फेकली गेलेली मुले पाहिली आहेत. गावात ज्या शाखेचा गाजावाजा सर्वांत मोठा असतो, तिथून तुमचे शिक्षण पुरे होईतो लाट ओसरलेली असू शकते. म्हणून शेजारच्याचा मुलगा कुठे गेला, हे कॉलेज निवडण्याचे कारण होऊ शकत नाही.

मुलांनो, या इतिहासातून तुमच्यासाठी चार गोष्टी काढतो.

पहिली, टिकण्याचा हिशेब आधी करा. फी, खोली, मेस, एस.टी.चा पास, पुस्तके, सगळे मिळून पूर्ण मुदतीचा खर्च वडिलांबरोबर बसून कागदावर मांडा. ई.बी.सी. सवलतीचीच परंपरा आज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना चालवते. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. ‘मुलीला एवढे कशाला शिकवायचे’ असे म्हणणाऱ्या आजोबांना हे जरूर वाचून दाखवा.

दुसरी, अकरावीचे विषय विचारून घ्या. गणित सोडले तर अभियांत्रिकीचे दार बहुतेक बंद होते, जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीयचे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि आय.टी.आय. ही कमी गुणांची शिक्षा नव्हे.

तिसरी, कागद वेळेत. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. गुण असूनही उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा जात पडताळणी नाही म्हणून जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत. पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत थांबवू नका.

चौथी, कॉलेज स्वतः पाहा. जाहिरातीतली इमारत पाहू नका, प्रयोगशाळा उघडी असते का ते पाहा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, तास होतात का, मेसचे जेवण कसे आहे. नाव एका कॉलेजात आणि तास मात्र दुसरीकडच्या क्लासमध्ये, अशी सोय कोणी सांगितली तर दोनदा विचार करा.

आता दोन शब्द माझ्या तुकडीसाठी. मित्रहो, आपल्या पुढे कोणी गेलेले नव्हते, पण या मुलांच्या पुढे आपण गेलो आहोत. आपल्यापैकी कोणी पुण्यात आहे, कोणी ठाण्यात, कोणी कोल्हापुरात. निकालाच्या आठवड्यात चौघांनी शाळेत बसून मुलांचे अर्ज भरून द्यावेत आणि संमेलनाच्या निधीतून उरलेली रक्कम दोन मुलांच्या मेसच्या खर्चाला द्यावी, अशी सूचना मी समितीकडे लेखी दिली आहे. संमेलनाच्या दिवशी दुपारच्या सभेत ती मांडली जाईल. जेवणानंतर लगेच गाड्या काढू नका, तेवढे थांबा.