कागदावरचं विटांचं घर

वास्तुकलेच्या अभ्यासासाठी मी न बांधलेलं घर निवडलं: वास्तुकार मीस व्हान डर रोह यांचं १९२४चं विटांचं ग्रामीण घर. मूळ रेखाटनं हरवली. छायाचित्रांतून उरला एक तळनकाशा आणि एक बाह्यदृश्य. मॉडेल करायला बसले, तर दोन्ही जुळेनात. अभ्यासकांनीही हे नोंदवलंय. नकाशात खोल्या बंद होतच नाहीत. भिंती एकमेकींना टाळून सरकतात आणि त्यांतल्या तीन थेट कागदाच्या कडेपर्यंत धावतात. त्या तिन्हींवरून माझी नजर हटत नाही! घर कुठं संपतं, बाग कुठं सुरू होते, हा भेदच त्यांनी पुसला. पुढे जर्मनीतल्या क्रेफेल्डला मीस यांनी विटांची दोन घरं खरोखर बांधली. देखणी आहेत, पण १९२४चा कागद त्यांच्याहून धीट आहे.