मेरुरज्जूची इजा : चालण्याच्या क्षमतेचे मापन

मेरुरज्जूला इजा झालेल्या माणसाला किती अंतर, कशाच्या आधाराने आणि किती वेगाने चालता येते, हे ठरलेल्या रीतीने तपासून अंकांत नोंदवण्याची पद्धत. मेरुरज्जू म्हणजे मेंदूपासून निघून पाठीच्या कण्याच्या पोकळीतून कमरेपर्यंत उतरणारा मज्जातंतूंचा दोर. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘मणक्याला मार बसला’ आणि ‘कमरेखालून गेला’ एवढ्या दोन वाक्यांत हा सगळा आजार सांगून होतो. घरच्यांचा प्रश्नही एकच असतो : चालेल का? तपासणाऱ्याला मात्र हा प्रश्न एक दिसत नाही. समांतर दांड्यांना धरून, दोघांनी सावरत चार पावले टाकणे हेही चालणेच, आणि बेळगावच्या खडेबाजारातल्या गर्दीतून पिशवी घेऊन एकट्याने जाणे हेही चालणेच. या दोहोंमधल्या पायऱ्या वेगवेगळ्या करून दाखवणे हे मापनाचे काम.

नारळाच्या झाडावरून किंवा कौले परतताना छपरावरून पडणे, विहिरीत कोसळणे, उसाची ट्रॉली उलटणे, पुणे-बंगळूर महामार्गावरचे, विशेषतः निपाणीजवळच्या तवंदी घाटातले वाहनांचे अपघात ही या टापूतली ओळखीची कारणे. मणक्याच्या क्षयरोगानेही रज्जू दबतो आणि पाय अधू होतात. अपघातानंतर जखमीला काखेत व पायांना धरून मिळेल त्या गाडीत कोंबण्याची घाई होते. त्यात मोडलेला मणका सरकला, तर पुढे मोजायला उरणारे चालणे रस्त्यावरच कमी झालेले असते.

मापन सुरू होते ते खाटेवर. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातील हान्स फ्रँकेल व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये इजेची ए ते ई अशी प्रतवारी मांडली. अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनने पुढे तिला आजचे रूप दिले. ‘ए’ म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या सर्वांत खालच्या भागातही संवेदना किंवा हालचाल नाही. ‘ई’ म्हणजे तपासणीत दोष उरलेला नाही. प्रत्येक पायाच्या पाच ठरावीक स्नायुगटांना शून्य ते पाच गुण देतात. दोन्ही पायांची बेरीज ५० पर्यंत जाते. ढोबळ अनुभव असा, की ३० च्या वर गुण असलेला माणूस बहुधा घराबाहेर चालू लागतो आणि २० किंवा त्याहून कमी असलेल्याचे चालणे खोलीपुरते राहते.

संवेदना तपासायला कापसाचा बोळा आणि टाचणी पुरते. खरी अडचण भाषेची. रोगी मराठी, तपासणारा कन्नड, मधे दुभाषा म्हणून मेव्हणा, हे दृश्य या भागात नवलाचे नाही. ‘टोचतंय का?’ या प्रश्नाला ‘लागतंय की’ असे उत्तर आले, तर ते निरुपयोगी. कारण स्पर्श कळणे आणि टोक कळणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि त्या रज्जूतल्या वेगळ्या वाटांनी वर जातात. म्हणून आधी गालावर टाचणीचे टोक आणि मग बोथट बाजू लावून ‘हे टोचणं, हे नुसतं लागणं’ असे ठरवून घ्यायचे, मग डोळे मिटायला सांगायचे. एवढी दोन मिनिटे वाचवली, की पुढचे आकडे संशयास्पद होतात.

इजेनंतर सुरुवातीला रज्जू बधिरावस्थेत असतो, तेव्हाच्या तपासणीवरून भाकीत करू नये. साधारण ७२ तासांनंतरची तपासणी अधिक भरवशाची. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात पाच गोष्टींवरून वर्षभरानंतरच्या स्वतंत्र चालण्याचा अंदाज बांधला आहे : वय ६५ च्या आत की पुढे, गुडघा सरळ करणाऱ्या व पाऊल खाली दाबणाऱ्या स्नायूंची ताकद, आणि त्या स्नायूंशी जोडलेल्या रज्जूच्या दोन पातळ्यांवरचा हलका स्पर्श. महागडे यंत्र त्यात एकही नाही.

प्रत्यक्ष चालण्यासाठी पुष्कळ वापरली जाणारी मोजपट्टी म्हणजे ‘वॉकिंग इंडेक्स फॉर स्पायनल कॉर्ड इंज्युरी’. फिलाडेल्फियाचे जॉन डिटुनो आणि विविध देशांतील सहकाऱ्यांनी ती २००० मध्ये मांडली व लगेच पुढच्या वर्षी सुधारली. सुधारित पट्टीत शून्य ते २० पातळ्या आहेत. शून्य म्हणजे उभेही राहता येत नाही. एक म्हणजे समांतर दांड्या, पायांना आधार देणारे कॅलिपर, दोन माणसांची मदत, आणि तरीही दहा मीटरच्या आत. तेरा म्हणजे वॉकर घेऊन, कॅलिपरशिवाय, कोणाच्या हाताशिवाय दहा मीटर. सोळा म्हणजे तेच अंतर दोन कुबड्यांवर. वीसला हातात काही नाही, पायाला काही नाही, शेजारी कोणी नाही.

पट्टी वेगाबद्दल गप्प असते. त्यासाठी घड्याळ लागते. मोकळ्या मार्गिकेत चौदा मीटरची रेघ आखतात. पहिले दोन मीटर वेग घेण्यासाठी, शेवटचे दोन थांबण्यासाठी, मोजायचे ते मधले दहा. ते २५ सेकंदांत कापले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. निरोगी प्रौढ सहज चालीत याच्या तिप्पट वेगाने जातो. सात मीटरचा दुपदरी रस्ता ओलांडायला या माणसाला साडेसतरा सेकंद लागतील आणि तेवढा वेळ समोरची वडाप जीप थांबेलच असे नाही. दम किती टिकतो हे सहा मिनिटांच्या चालीत कळते. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसण्याची आणखी एक चाचणी आहे.

खुर्ची हाच इथे मुद्दा आहे. या चाचण्या सपाट फरशी आणि खुर्ची असलेल्या घरांसाठी बेतलेल्या आहेत. शेताचा बांध, पावसाळ्यातला खानापूरकडचा चिखल, उकिडवे बसायचा संडास, यांना पट्टीवर जागा नाही. याहून सूक्ष्म गोष्ट चपलेची. जुन्या पद्धतीचा धातूचा कॅलिपर बुटाला जोडलेला असतो आणि बूट उंबऱ्याबाहेर काढायचे असतात. घरात येताच कॅलिपर सुटतो. रुग्णालयात कुबड्या-कॅलिपरवर बाराव्या पातळीला असलेला माणूस स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून जातो किंवा बसून सरकतो. म्हणून नोंद करताना जमू शकणारी कमाल पातळी आणि घरी खरोखर वापरली जाणारी पातळी अशा दोन्ही लिहाव्यात. प्रत्यक्षात कागदावर बहुधा पहिलीच येते.

ही त्रुटी काही अंशी ‘स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेझर’ भरून काढते. इस्रायलमधील अमिराम कात्झ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या या शंभर गुणांच्या पट्टीत स्वतःची कामे, श्वसन व मलमूत्राचे नियंत्रण आणि हालचाल एकत्र मोजतात. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत जमिनीवरून चाकाच्या खुर्चीत चढता येते का, याला गुण आहे. निपाणीत सूप मांडीवर घेऊन जमिनीवर विड्या वळणाऱ्या बाईचा रोजगार पायांपेक्षा या एका गुणावर जास्त अवलंबून असू शकतो. अर्थात बधिर त्वचेवर तासन्‌तास बसले की शय्याव्रण होतात, ही त्याची दुसरी बाजू.

या भागातला रोगी एका रुग्णालयाचा राहत नाही. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९६३), त्याला जोडलेले प्रभाकर कोरे रुग्णालय, केएलई भौतिकोपचार संस्था आणि सरकारी वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. निपाणीकराला कोल्हापूर जवळ पडते आणि मिरजेची वाट तर जुन्या पिढ्यांची. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्रामुळे लष्करी घरेही पुष्कळ. अशा जवानांना खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्राचा आधार असतो. दोन राज्ये, तीन भाषा आणि चार फायली यांतून ‘सुधारणा आहे’ हा शेरा काही सांगत नाही. ‘पातळी तेरा, दहा मीटर, २५ सेकंद’ ही नोंद बेळगावात आणि मिरजेत एकच अर्थ सांगते.

चालण्याचा अंक वाढत नाही म्हणून पुनर्वसन फसले असेही नव्हे. दोन्ही पाय कॅलिपरमध्ये अडकवून कुबड्यांवर झोके घेत चालण्यात इतकी शक्ती खर्च होते, की अनेक जण कालांतराने चाकाची खुर्ची पत्करतात. १९६५ च्या युद्धात मणक्याला गोळी लागलेल्या, पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. किशोरवयात कमरेखालची शक्ती गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘चाकाची खुर्ची’ आहे.

अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी हे याहून वेगळे मापन. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती टक्केवारी सरकारी मार्गदर्शक तत्त्वांवरून वैद्यकीय मंडळ ठरवते. त्यामुळे पातळी वाढली तर दाखला जाईल, या धास्तीने तपासणीत मुद्दाम कमी चालून दाखवणाऱ्याला हा फरक आधी समजावून सांगावा लागतो.