लघवीची गळती : ज्येष्ठ स्त्रियांसाठी गावपातळीवरचे आरोग्यशिक्षण (नाशिक जिल्हा)

खोकला, शिंक किंवा पाण्याचा हंडा उचलणे एवढ्यानेही नकळत लघवी होणे, अथवा लागल्यावर मोरीपर्यंत पोचेतो न धरवणे, याला लघवीची गळती म्हणतात. पहिला प्रकार ताणाचा, दुसरा घाईचा. अनेक ज्येष्ठ स्त्रियांना दोन्हींचा त्रास असतो. बाळंतपणांत ढिले झालेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पाळी गेल्यानंतरचे बदल, वाढलेले वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि मधुमेह ही नेहमीची कारणे. वर्षानुवर्षे उचललेली ओझीही त्यात भर घालतात.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहणे बायकांच्याच वाट्याला येते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आणि कांद्याच्या शेतात दिवसभर आडोसा मिळत नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात. त्याने गळती थांबत नाही. उलट लघवी दाट होऊन जळजळते, बद्धकोष्ठ वाढतो आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

‘वय झालं, चालायचंच’ म्हणून हे दुखणे घरातही बोलले जात नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण पूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. तो अभ्यास गळतीपुरता नव्हता. बाई दवाखान्यात येईल याची वाट न पाहता तिच्या गावात जाऊन विचारावे लागते, हे मात्र त्याने दाखवून दिले.

विचारणारी माणसे नाशिकमध्ये आहेत. दिंडोरीत काम केलेले डॉ. श्याम अष्टेकर यांनी गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावोगाव आशाताई आहेत. बचत गटाची बैठक किंवा भजनी मंडळ जमते तिथे फक्त बायकांत ‘खोकताना कपडे ओले होतात का?’ एवढा प्रश्न आशाताईने विचारला, की पुढचे बोलणे सुरू होते.

शिकवायचे ते थोडके आहे. गुडघे दुमडून उताणे झोपायचे, वारा अडवताना आवळतो तसे आतून आवळायचे, पाच आकडे मोजून सोडायचे. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत, लघवी करताना मधेच थांबवून सराव करायचा नाही. अमेरिकी डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला हाच व्यायाम. शिंक येतेय असे वाटले की आधीच आवळून घेण्याची सवयही लावता येते.

घाईच्या गळतीत दोन लघव्यांमधले अंतर हळूहळू वाढवतात, संध्याकाळचा चहा कमी करतात. लघवी किती वेळा होते हे कळायला नोंद हवी. अक्षरओळख नसलेल्या बाईने प्रत्येक लघवीनंतर भिंतीवरच्या कालनिर्णयावर रेघ ओढली, तरी तीन दिवसांत नोंद तयार होते.

गटात शिकवण्याचा गुण परदेशातही तपासला गेला. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या २५९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०१३) माहिती आणि स्वतः करायचे उपाय एकत्र दिलेल्या गटाला सर्वाधिक फायदा झाला.

व्यायाम सगळ्यांना पुरत नाही. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग किंवा शस्त्रक्रिया लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे. लघवीत रक्त, ताप, अखंड ठिबकणे, लघवी अडणे किंवा पायांत अचानक आलेली कमजोरी यांपैकी काहीही दिसले, तर तीन महिने व्यायाम करत न बसता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे.